चौथ्या पायरीपासून

१

नोकरी काय करता असं कुणी विचारलं की मी सांगते, पडलेल्यांना उठवते. समोरच्याला वाटतं बाई दवाखान्यात आहे. खरं म्हणजे मी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, एका पडद्यासमोर बसते. काचेपलीकडे मेनफ्रेम, म्हणजे कार्यालयाचा कपाटाएवढा संगणक, दिवसभर घुमत असतो. त्याला उष्मा सोसत नाही म्हणून खोली बारा महिने गार, आणि मी बारा महिने स्वेटरमध्ये. बावीस वर्षं झाली.

वर नागरिकांच्या खिडक्या तीनला बंद होतात. साडेतीनला दिवसभराच्या नोंदींची कामं सुटायला लागतात. जन्म, लग्न, पत्ताबदल, मृत्यू, प्रत्येकाचा एक जॉब. कुठला कधी सुटायचा ते शेड्युलर नावाचा प्रोग्राम ठरवतो आणि माझ्या पडद्यावर यादी दिसते. हिरवा म्हणजे झाला, पांढरा म्हणजे वाट बघतोय, पिवळा म्हणजे चालू आहे, लाल म्हणजे पडला. लाल दिसला की मी का पडला ते बघते आणि पुन्हा चालू करते.

यात एकच गोष्ट शिकायची असते. जॉब पायऱ्यांनी चालतो. तिसऱ्या पायरीवर पडला तर तिसरीपासून चालू करायचा, वरून नाही. आधीच्या पायऱ्यांनी आपलं काम केलेलं असतं, ते दोनदा झालं की निस्तरता नाकी नऊ येतात. मला हे मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे आमचे जुने ऑपरेटर, शेजारच्या खुर्चीवर बसतात. त्यांना सगळे मास्तरच म्हणतात, घरचे काय म्हणतात कोण जाणे. इतक्या वर्षांत त्यांना घरून फोन आलेला मी तरी ऐकला नाही.

त्या मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी नोंदबंदचा जॉब पडला. गेलेल्या माणसाची नोंद बंद करणारा जॉब तो. पहिली पायरी माणसाचा पत्ता काढून घेते. पत्ताच सापडला नाही तर जॉब तिथेच पडतो आणि नोंद चुकीची म्हणून जशीच्या तशी खिडकीवर परत जाते. महिन्यातून एखादी जातेच. दुसरी पायरी सहीचा नमुना काढून टाकते. तिसरी नाती सोडवते, म्हणजे मुलाच्या, मुलीच्या, नवराबायकोच्या पानांवर त्याचा नंबर असतो तो पुसते. चौथी शिक्का मारते की नोंद बंद.

चौथ्या पायरीवर एका नोंदीपाशी अडला होता. चौथीपासून चालू केला. पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. तीनदा झालं की अडलेली नोंद बाजूला काढून बाकीच्या पुढे सोडायच्या, आणि अडलेलीचा वेगळा जॉब करून तो होल्डवर ठेवायचा, असा नियम. तसं केलं, वहीत लिहिलं आणि घरी गेले. नोंद कुणाची ते मी बघितलं नव्हतं. आम्ही का पडला ते बघतो, कोण पडला ते नाही.

२

घरी आम्ही तिघं. बाबा, मी आणि धाकटा भाऊ. आई जाऊन आठ वर्षं झाली. धाकटा घरीच शिवणकाम करतो, त्यामुळे बाबांकडे दिवसभर लक्ष असतं. निदान तो तसं म्हणतो. मी म्हणते, बाबांचंच त्याच्याकडे लक्ष असतं.

बाबा टपाल खात्यात होते. चाळीस वर्षं पत्रं वाटली. कुठल्या गल्लीत कितव्या घराला मागून दार आहे हे त्यांना अजून पाठ. निवृत्त झाल्यापासून सोफ्याचा दाराकडचा कोपरा त्यांचा. तिथून ते जाणाऱ्या-येणाऱ्यांना हटकायचे आणि मी आले की न चुकता विचारायचे, "आज किती जणांना उठवलंस?"

मंगळवारी त्यांनी विचारलं नाही. मी चपला काढल्या, पिशवी ठेवली, तरी नाही. मग माझ्याकडे अदबीने बघून म्हणाले, "कोणाला भेटायचंय?"

मी हसले. त्यांना थट्टेची सवय आहे. पण धाकटा मशीनवरून उठून मला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"ताई, ते मलाही ओळखत नाहीयेत."

"कधीपासून?"

"दुपारपासून. चार वाजेपर्यंत ठणठणीत होते, मला काज्याचा दोरा बदल म्हणून शिव्या घालत होते. मग गप्प झाले. एक पार्सल आलं, त्या माणसाने सहीला पेन दिलं, तर बाबांनी कागदावर नुसती एक सरळ रेघ ओढली. मी विचारलं, बाबा, आपलं घर कुठल्या गल्लीत? सांगता येईना."

"वय झालंय रे."

"एका दुपारीत?"

तो भांड्यांकडे बघत म्हणाला, "आणि तीनदा उठले. उठतात, दारापर्यंत जातात, कडीला हात लावतात आणि थांबतात. पुतळ्यासारखे. मग परत येऊन बसतात."

तीनदा म्हटल्यावर माझ्या मनात काहीतरी हललं, पण मी ते तिथेच दाबलं. तीन हा काही दुर्मीळ आकडा नाही.

३

बुधवारी सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. नाडी लागली, पण जरा शोधावी लागली. रक्तदाब नोंदवताना त्यांनी दोनदा यंत्रावर टिचकी मारली. म्हाताऱ्या माणसांत असं अचानक होतं, म्हणाले. गोळ्या दिल्या. बाबांनी त्या हातात घेतल्या आणि हातातच ठेवल्या. रात्री ते झोपले नव्हते आणि सकाळी जेवले नव्हते, पण तक्रार कसलीच नव्हती. आमच्याकडे पाहुणा आल्यासारखे ते नीट बसून होते.

दुपारी कामावर मी होल्डवरचा जॉब उघडला. रोज एकदा करून बघायचा, असाही नियम आहे. त्याआधी मी नोंदीचा नंबर वाचला. शेवटचे चार आकडे वाचल्यावर मी सगळा नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचला. वर्षभर दवाखान्याच्या प्रत्येक फॉर्मवर मी तो लिहिला आहे. बाबांचा होता.

माझं डोकं शांत चालतं, त्याबद्दल लोक मला नावंही ठेवतात. मी स्वतःशी म्हटलं, खिडकीवर कुणाचा तरी एक आकडा चुकलाय. कुणी दुसरं गेलं आणि नोंद बाबांच्या नंबरावर आली. अशा चुका होतात. आणि बाबांना विसर पडलाय तो वयाने. दोन्ही एकाच दिवशी झालं, एवढाच योगायोग.

मग मी घरी फोन लावला.

"बाबा काय करतायत?"

"बसलेत," धाकटा म्हणाला. "का गं?"

"काही नाही. तू फोन ठेवू नकोस."

मी चौथ्या पायरीपासून चालूची कळ दाबली. पडद्यावर ओळ पांढऱ्याची पिवळी झाली.

"अगं, उठले," धाकटा म्हणाला. "बाबा, कुठे निघालात? चप्पल तरी घाला. ताई, ते दाराशी गेलेत. कडीला हात लावतायत."

ओळ लाल झाली.

"थांबले," तो म्हणाला.

फोनमध्ये त्याचा श्वास ऐकू येत होता. माझ्या मागे मेनफ्रेम घुमत होता.

"आता परत येतायत. ताई, ते उलटे येतायत."

"उलटे म्हणजे?"

"पाठीने. न वळता. न बघता सोफ्याच्या कोपऱ्याला वळसा घालून आले आणि बसले."

मी पुन्हा एकदा कळ दाबली. मला त्याची लाज वाटते, पण एकदा झालेलं योगायोग असू शकतं म्हणून मी दाबली. धाकटा रडायला लागला तेव्हा मी जॉब होल्डवर टाकला आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

४

त्या संध्याकाळी शेजारचे काका आले. बाबांशी वीस वर्षं पत्ते खेळलेले. तब्येतीचं ऐकून आले असतील असं मला वाटलं. ते धाकट्याशी पँट आखूड करण्याबद्दल बोलले, माझ्याशी उकाड्याबद्दल बोलले. सोफ्याच्या कोपऱ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मग "जरा टेकतो," म्हणून ते त्याच कोपऱ्यात बसायला वाकले.

धाकट्याने त्यांचा दंड धरला. "काका, बाबा बसलेत."

काका वळून बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळत होतं की त्यांना दिसतंय, पण दिसायला वेळ लागतोय. "अरे हो की," ते म्हणाले आणि ओशाळून हसले. पँट तशीच काखेत घेऊन ते निघून गेले.

बाबांनी कसलाच राग धरला नाही. काका वाकले तेव्हा त्यांनी अंग चोरून घेतलं होतं एवढंच. मला माझ्या बाबांची दया आली, आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. शिक्क्याशिवाय सगळं होऊन गेलेला माणूस आमच्या सोफ्यावर बसला होता. रात्रभर मी दिवा चालू ठेवला. ते दाराकडे बघत होते.

५

गुरुवारी सकाळी मी साहेबांकडे गेले. साहेब तसे चांगले आहेत, माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाहीत. मी सांगितलं, अडलेली नोंद माझ्या वडिलांची आहे आणि वडील जिवंत आहेत.

"अरेच्चा," ते म्हणाले. "मग काढून टाकू."

त्यांनी प्रोग्रामरला फोन केला, बराच वेळ हं हं केलं आणि माझ्याकडे वळले. "अर्धवट बंद झालेली नोंद काढता येत नाही म्हणतो. तीन पायऱ्या झाल्यात. चौथी पूर्ण करून घ्या, मग जिवंत असल्याचा अर्ज द्या, मी स्वतः सही करतो. चार दिवसांत नोंद पुन्हा उघडेल. चौथ्या पायरीतला दोषही त्याने दुरुस्त केलाय. आता पडणार नाही."

"साहेब, पूर्ण नको करूया."

"उद्या आठवडाअखेर आहे बाई. काहीही होल्डवर असलं तर आठवड्याचा जॉब सुटत नाही, तुम्हीच मला सांगता ना नेहमी? कागदाचं काम आहे. वडिलांना त्याने काय फरक पडतो?"

काय सांगणार होते मी? की मी कळ दाबली की बाबा उठतात? मी मान हलवली आणि खाली आले.

मास्तरांना मात्र सांगितलं. सगळं सांगितलं, उलटं चालणंसुद्धा. ते हसले नाहीत.

"चौथीपासून सोड," ते म्हणाले. "अर्ध्यावर ताटकळत ठेवू नये कुणाला."

"बाबा आहेत माझे."

"म्हणूनच सांगतोय."

"मी वरून चालवला तर?" हे मी रात्रभर घोळवलं होतं. "पत्ता तर पहिल्याच वेळी काढला गेलाय. वरून चालवला की पहिली पायरी पत्ता शोधेल, तो सापडणार नाही, जॉब पहिलीवर पडेल. पहिलीवर पडलेली नोंद चुकीची म्हणून जशीच्या तशी परत जाते. होतं तसं सगळं परत."

मास्तरांनी चष्मा काढून स्वेटरच्या टोकाला पुसला. "तुझं गणित बरोबर आहे. माझंही बरोबर होतं."

"तुम्ही कधी वरून चालवलाय?"

"एकदा."

"मग काय झालं?"

"काय व्हायचंय? जॉब व्यवस्थित संपला," मास्तर म्हणाले, आणि पडद्याकडे वळून बसले. पुढे मी किती खोदून विचारलं तरी त्यांनी तोंड उघडलं नाही.

६

शुक्रवारी साडेचारला साहेबांचा फोन आला. सगळी यादी हिरवी झाली होती. तेवढी एक ओळ राहिली होती.

त्याआधी मी घरी बोलले होते. धाकट्याचा आवाज बसला होता. "ताई, काहीतरी कर," तो म्हणाला. "काल रात्री मी त्यांच्याशेजारी झोपलो. त्यांचा श्वास आत जातो तेवढा ऐकू येतो."

"करते," मी म्हटलं. "आज करते. संध्याकाळी बाबा तुला शिव्या घालतील बघ."

"घालू देत," तो म्हणाला. "तू लवकर ये."

मास्तर चहाला म्हणून बाहेर गेले होते. मुद्दाम गेले असावेत. पडद्यावर प्रश्न होता, कितव्या पायरीपासून? बावीस वर्षांत त्या चौकटीत मी एकदाही एक लिहिला नव्हता. माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने लिहिला होता तेव्हा मी तिला चारचौघांत बोलले होते.

मी एक लिहिला आणि कळ दाबली.

ओळ पिवळी झाली. मी लाल होण्याची वाट बघत होते. पडलेला जॉब बघायला इतकी आतुर मी कधीच नव्हते.

ती हिरवी झाली. खाली बारीक अक्षरात आलं, पत्ता सापडला, काढला. आणि पुढे आमच्या घराचा पत्ता, गल्ली, मजल्यासकट.

बाबांच्या नावावर तर तो राहिलाच नव्हता. मी त्या ओळीकडे बघत बसले. त्या घरात आणखी कोण राहतं हे डोक्यात यायला मला फार वेळ लागला नाही.

मी रद्दची कळ दाबली. चालू पायरी मधेच तुटत नाही, हे मीच शिकवते. माझी रद्दची आज्ञा पुढच्या पायरीआधी लागू व्हायला हवी होती. झाली नाही. दुसरी हिरवी झाली. मी कळ दाबतच राहिले. तिसरी पिवळी झाली आणि तशीच राहिली. या पायरीला अर्धं मिनिट लागतं. तिने सहा मिनिटं घेतली. काचेपलीकडचा आवाज जरा खाली उतरल्यासारखा वाटला, पण तो माझा भास असेल. मग नाती सोडवली असं आलं, आणि लगेच चौथीही हिरवी झाली.

आठवड्याचा जॉब आपोआप सुटला. साहेबांचा आभाराचा फोन येईल असं वाटलं होतं, तो आला नाही.

७

घरी जाताना मी चौकापर्यंत बरोबर आले. तिथे मला डावीकडे जायचं की उजवीकडे हे आठवेना. माझं जन्मभराचं घर. मी दिव्याच्या खांबाला हात लावून उभी राहिले. तेवढ्यात शेजारचे काका भाजीची पिशवी घेऊन जाताना दिसले. मी हाक मारली, ते थांबले नाहीत. मी त्यांच्या मागे मागे गेले.

दार धाकट्याने उघडलं. गळ्यात टेप, डोळे सुजलेले.

"आपल्याला कोण हवंय?" तो म्हणाला.

"अरे, मी."

तो कसनुसा हसला. गिऱ्हाईक ओळखता आलं नाही की हसतो तसा. "माप द्यायचं होतं का? आज जरा बरं नाहीये मला. उद्या याल का तुम्ही?"

माझ्या भावाने मला जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. मी त्याचं लहानपणाचं नाव घेतलं, आईचं नाव घेतलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर माझ्या खांद्यावरून जिन्याकडे जायला लागली होती, आवाज आला खरा पण कुठून आला ते शोधावं तशी. शेवटी त्याने दार लावून घेतलं. तोवर मी त्याच्या बाजूने आत आले होते. त्याला ते कळलं नाही.

बाबा सोफ्यावर होते. गेले चार दिवस दाराला लागलेली त्यांची नजर आता माझ्यावर होती, आणि ती त्यांची नजर होती.

"आलीस?" ते म्हणाले. मग थोडे सरकले आणि शेजारी जागा केली.

मला हवं होतं ते हेच. त्यांनी मला ओळखावं. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचा हात धरला. तो गार नव्हता, किंवा माझाही तसाच होता.

"बाबा, त्याला दिसत नाही आहोत आपण."

"त्याला हाक मारू नकोस," बाबा हळूच म्हणाले. "दचकतो उगाच."

धाकट्याने मशीनवर कापड झाकलं. स्वयंपाकघरात जाऊन गॅस लावला, काहीतरी गरम केलं. मग मांडणीतून तीन ताटं काढली. ती हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता, विसरलेलं काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा. दोन ताटं त्याने परत ठेवली. जेवायला बसताना त्याने रेडिओ लावला, आणि आवाज मोठा केला.